भुज, कोटी आणि दोन बिंदूंमधले अंतर

प्रश्न: एका जुन्या पुस्तकात बिंदूच्या एक्स-निर्देशकाला 'भुज' आणि वाय-निर्देशकाला 'कोटी' म्हटले आहे. कोटी म्हणजे शंभर लाख ना? मग ती आलेखावर कशी?

उत्तर: शंभर लाखांचा इथे संबंध नाही. संस्कृतात कोटी म्हणजे टोक. धनुष्याच्या टोकालाही कोटीच म्हणत. 'पराकोटी'त तो अर्थ अजून जिवंत आहे. भूमितीत काटकोन त्रिकोणाची एक बाजू भुज, तिच्याशी काटकोन करणारी कोटी आणि समोरचा कर्ण. यांपैकी कर्ण तेवढा आज शाळेत रुळलेला आहे.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ.स. ११५०) केलेली व्याख्या मला फार आवडते: दोहोंपैकी हवी ती बाजू भुज माना, तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या दिशेला जाते ती कोटी. लगेच पुढे येते, 'तत्कृत्योर्योगपदं कर्णः'. कृती म्हणजे वर्ग, योग म्हणजे बेरीज, पद म्हणजे वर्गमूळ. अंतराचे सूत्र ते हेच. भुज-कोटी म्हटले की कर्ण ओघाने येतो, म्हणून सूत्र शिकवताना ही जोडी जरूर सांगावी.

मात्र निर्देशक अक्षांपासून मोजलेले असतात. त्रिकोणाच्या बाजू मिळतात त्या दोन बिंदूंच्या निर्देशकांच्या फरकातून. समजा, अ (−२, ३) आणि ब (३, −९). भुजांतला फरक ३ − (−२) = ५, कोटींतला −९ − ३ = −१२. वर्ग २५ आणि १४४, बेरीज १६९, तिचे वर्गमूळ १३. अंतर १३ एकक.

'फरक' आणि 'अंतर' हे शब्दही इथे जपून वापरावेत. फरक ऋण असू शकतो, अंतर कधीच नाही. उलट क्रमाने वजा केले तर −५ आणि १२ येतील, पण वर्ग तेच राहतील. म्हणून निर्देशकांतला फरक आणि बिंदूंमधले अंतर असे लिहावे. 'निर्देशकांमधले अंतर' लिहिले की विद्यार्थी उणे चिन्हापाशी हमखास अडखळतो.

आज नव्याने लिहिताना मी 'निर्देशक'च वापरेन. कोटी वाचताच आधी संख्या डोळ्यांपुढे येते, हे तुमच्याच प्रश्नातून दिसते. शिवाय त्रिमितीत झेड-निर्देशक आला की भुज-कोटीच्या जोडीत त्याला जागा उरत नाही.