माशांच्या टँकच्या हूडमध्ये फॅन: वायरी कशा जोडायच्या, हवा कुठून कुठे जाऊ द्यायची

प्रश्न (सोलापूरहून): नमस्कार सर, माझ्याकडे तीन फुटी प्लँटेड (जिवंत झाडं लावलेला) टँक आहे, वर सुताराकडून प्लायचा हूड, म्हणजे झाकण, करून घेतलाय, आत एलईडी लाइट आहे. एप्रिल लागला की दुपारी पाणी ३२-३३ डिग्रीला जातं आणि मासे वर येऊन धापा टाकतात. घरात जुन्या कॉम्प्युटरचे दोन फॅन पडून आहेत, एकाला तीन वायरी आणि एकाला चार. लाइटच्याच वायरीला जोडून टाकावेत असं डोक्यात आहे, म्हणजे लाइटबरोबरच चालू-बंद होतील. कुठली वायर कुठे लावू? मित्र म्हणतो फॅनने हवा बाहेर खेचायची, बरोबर आहे का?

उत्तर: बेत चांगलाय, फक्त लाइटच्या वायरीला हात लावू नका. हूडमधल्या बऱ्याच एलईडी लाइटचा ड्रायव्हर (लाइटला वीज पुरवणारी डबी) करंट कायम ठेवतो, व्होल्टेज मात्र एलईडीला लागेल तेवढं देतो, ते १२ असेलच असं नाही, त्यावर फॅन जोडला तर फॅन तरी जाईल नाहीतर लाइट तरी मिणमिणेल. आणि त्या ड्रायव्हरच्या अलीकडे २३० व्होल्ट आहेत, तिथे तर हा फॅन चालणारच नाही, जळेल. रोलवर मिळणारी १२ व्होल्टची पट्टी असेल तर तिच्या अॅडॉप्टरवर चालतील एखादवेळेस, पण मी तरी वेगळंच कनेक्शन करेन, कारण लाइट संध्याकाळी बंद केला म्हणून पाणी लगेच गार होत नाही, उन्हाळ्यात फॅन रात्रीही लागतो.

घरात जुन्या राउटरचा अॅडॉप्टर सापडेलच. त्यावर आउटपुट १२ व्होल्ट डीसी लिहिलंय ना ते बघा, एखादा जुना अॅडॉप्टर एसी आउटपुटचाही निघतो, तो चालत नाही. फॅनच्या स्टिकरवर अँपिअर दिलेले असतात, साधारण ०.१५ ते ०.२५, म्हणजे दोघांचे मिळून अर्ध्या अँपिअरच्या आसपास, एक अँपिअरचा अॅडॉप्टर आरामात पुरतो. ९ व्होल्टचा मिळाला तरी फेकू नका, फॅन थोडे हळू फिरतील पण आवाज खूप कमी होतो, टँक हॉलमध्ये असेल तर घरचे दुवा देतील.

आता वायरी. तीन वायरींच्या फॅनमध्ये बहुतेक वेळा काळी मायनस, लाल प्लस, आणि पिवळी नुसती स्पीडचा सिग्नल देते, ती सोडून द्या. चार वायरींच्या फॅनमध्ये मात्र घोळ आहे, तिथे सहसा काळी मायनस आणि पिवळी प्लस असते, हिरवी सिग्नल, निळी स्पीड कंट्रोल. म्हणजे एकीकडे जी पिवळी सोडायची तीच दुसरीकडे १२ व्होल्टला जाते, रंग बघून घाईघाईत पिवळीला पिवळी जोडू नका. निळी मोकळी ठेवली की फॅन फुल स्पीडने फिरतो, आपल्याला तेच हवंय. सुट्या सोडलेल्या वायरींची टोकं मात्र वेगवेगळी झाकून ठेवा.

दोन्ही फॅन पॅरलल जोडायचे, दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडले तर, १२ व्होल्ट दोघांत वाटले जातात, आणि तुमचे फॅन वेगवेगळे असल्यामुळे वाटणीही सारखी होत नाही, एक फिरेल आणि दुसरा नुसता थरथरेल. उलटसुलट लागलं तर फॅन सहसा फिरत नाही, लगेच बंद करून बदला. अॅडॉप्टरची पिन कापायची गरज नाही, सीसीटीव्ही कॅमेऱ्याला वापरतात तो स्क्रूवाला डीसी कनेक्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, स्क्रूमध्ये वायर आवळली की झालं. जॉइंट हूडच्या बाहेर काढा आणि त्यावर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळते ती नळी) चढवा. काळी चिकटपट्टी नको, आतल्या वाफेने तिचा डिंक सुटतो, ती घसरते आणि तांबं उघडं पडून हिरवं व्हायला लागतं. अॅडॉप्टरही बाहेर, टँकच्या खाली नाही, आणि सॉकेटमध्ये जाण्याआधी वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब त्या वळणावरूनच खाली पडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवाच, फॅन राहू दे, हीटर आणि फिल्टरसाठीसुद्धा तो हवाच.

तुमच्या मित्राचं मात्र मला पटत नाही. हवा बाहेर खेचली की हूडमधली सगळी दमट हवा फॅनच्या बेअरिंगमधून जाते, महिनोन्महिने हेच चाललं तर फॅन कुरकुरायला लागतो आणि मग अडकतो. त्यापेक्षा एका टोकाला फॅन लावून खोलीतली कोरडी हवा आत मारा, जरा तिरकी, पाण्याच्या पृष्ठभागावर जाईल अशी, आणि समोरच्या टोकाला निदान तेवढंच मोठं भोक ठेवा. हे दुसरं भोक लोक विसरतात, मग तीच दमट हवा आतल्या आत फिरत राहते. फॅनच्या बॉडीवर बाण असतो, नसेल तर स्टिकरच्या बाजूने हवा बाहेर पडते असं समजा. ८० मिमीच्या फॅनला स्क्रूच्या भोकांचं अंतर ७१.५ मिमी, १२० वाल्याला १०५. फॅन आणि प्लायच्या मध्ये रबराचे तुकडे घाला नाहीतर अख्खा हूड गुणगुणतो. दोन्ही तोंडांना मच्छरदाणीची जाळी लावा, पालीला अशी उबदार जागा फार आवडते.

फॅन पाणी गार करतो तो माठासारखा, पाणी उडवून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात आणि तुमच्या दीडशेएक लिटरच्या टँकचं तापमान एक डिग्री उतरवायला ६३०, म्हणजे हिशोबाने लिटरमागे जवळजवळ चार डिग्री. खोलीची उष्णता परत पाण्यात शिरत असते म्हणून प्रत्यक्षात दोन ते चार डिग्रीच धरा, पण सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढे नक्की मिळतील. पाणी रोज भरावं लागेल. बोअरचं असेल तर नुसतं तेच भरत राहू नका, वाफ होते ती पाण्याची, क्षार तसेच मागे राहतात आणि वाढत जातात, आरओचं घाला.

प्रश्न (ठाण्याहून): माझा छोटा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे. फॅन लावल्यापासून सॅलिनिटी (खारटपणाचं माप) १.०२५ वरून १.०२८ झाली आणि टेंपरेचर जेमतेम एक डिग्री उतरलं. पाणी कमी झालं की मी मीठ मिसळलेलं पाणीच भरतो. काय चुकतंय?

उत्तर: भरताय तेच चुकतंय. मीठ उडत नाही, त्यामुळे उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं आरओचं पाणी घाला, मिठाचं पाणी फक्त वॉटर चेंजला. वाढलेली सॅलिनिटी एका दिवसात खाली आणू नका, तीन-चार दिवस थोडं थोडं करत आणा. टेंपरेचरचं म्हणाल तर तुमच्याकडची हवा आधीच दमट, तिच्यात आणखी वाफ फारशी मावत नाही, पावसाळ्यात तर फॅनचा उपयोग जवळपास शून्य. वरची काच काढून जाळी टाका, लाइटचे तास कमी करा, तरी भागलं नाही आणि कोरल ठेवायचेच असतील तर चिलरला (पाणी गार करणाऱ्या मशीनला) पर्याय नाही, महाग आहे तो. आणि फॅनच्या पात्यांवर पांढरं मीठ जमतंय का बघत राहा. अॅडॉप्टर काढून ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच परत चालू करा.