वरच्या डेकचे प्रश्न, खालच्या डेकची उत्तरं

नाशिकला समुद्र नाही. आहे ती गोदावरी आणि गंगापूर धरणावरचा बोट क्लब. तरी क्रूझबद्दल विचारणारी इतकी पत्रं या गावातून येतात की मलाच नवल वाटतं. सतरा वर्षं परदेशी क्रूझ जहाजांवर हाऊसकीपिंगमध्ये काढून मी घरी परतलो. पत्रांचे दोन ढीग होतात. एक फिरायला जाणाऱ्यांचा, दुसरा कामाला जाणाऱ्यांचा. या वेळी दोन्हींतली थोडी घेतो.

प्रश्न : आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलं आम्हाला मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर पाठवताहेत. मला कसारा घाटातसुद्धा लिंबू नाकाशी धरून बसावं लागतं. यांचे गुडघे दुखतात. केबिन कोणती घ्यावी? (इंदिरानगर)

ताई, घाटातली गाडी हिसके देते, जहाज पाळण्यासारखं सावकाश हलतं. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. डावी-उजवीकडचं डोलणं त्यांनी बरंच आवरतं. नाक वर-खाली होतं ते मात्र त्यांना थांबवता येत नाही. म्हणून केबिन जहाजाच्या मधोमध आणि जमेल तेवढ्या खालच्या मजल्यावर मागा. बागेतल्या सी-सॉवर मधे बसलेल्याला काही कळत नाही, टोकावरचा उडतो, तसंच हे. अगदी वरची, पुढच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन जास्त पैसे घेते आणि जास्त हलते. बुकिंगच्या वेळी नकाशा उघडून आपल्या डोक्यावर काय आहे तेही बघा. वर डान्स फ्लोअर असला तर रात्री दोनपर्यंत ढोल ऐकाल.

उलटीची गोळी जीव घाबरल्यावर नाही, आधी घ्यायची असते. कोणती ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण या वयात बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतात. पोट रिकामं ठेवू नका. मळमळलं तर केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा उघड्या डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत बसा.

आता गुडघे. इथे मी जरा स्पष्ट बोलतो, कारण विकणारा हे सांगत नाही. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाची उथळ कडी आहे, मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून बेटावर नेतात. जहाजाच्या दारातून त्या बोटीत पाय टाकायचा, आणि बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी दोन्हीकडून दंड धरतात, ते म्हणतील तेव्हाच पाऊल टाकायचं. हजारो लोक हे करतात, पण दुखऱ्या गुडघ्याला ते सोपं नाही. समुद्र खवळलेला असला तर बेटावर उतरणंच रद्द होतं. त्यांना जमणार नसेल तर आधी गोव्याची फेरी करा. मुरगावला धक्का आहे, शिडीवरून चालत उतरता येतं.

आणि एक. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून त्याच दिवशी जहाज गाठू, हा नाशिककरांचा लाडका बेत असतो. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटतं तो धक्का, जवळच आहे, खरं आहे. पण कसाऱ्याला गाडी अडकली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा.

प्रश्न : केबिनमध्ये देवापुढे निरांजन लावलं तर चालेल का? (पंचवटी)

नाही. निरांजन नाही, उदबत्ती नाही, कापूर तर नाहीच. इस्त्री आणि पाणी तापवायची कॉइलसुद्धा बोर्डिंगच्या वेळी काढून ठेवतात. समुद्रात अग्निशमन दल बोलावता येत नाही, म्हणून आगीला जहाजावर फार भितात. सेलवरचा दिवा न्या, देव समजून घेतो.

प्रश्न : जहाजावर चढल्या चढल्या कसली तरी ड्रिल असते म्हणे. लहान मुलं बरोबर आहेत, टाळली तर चालते का? (गंगापूर रोड)

टाळू नका. संकटात कुठे जमायचं, काय करायचं याची ती तालीम असते. १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालेली नव्हती. तेव्हा नियमच चोवीस तासांच्या आत घ्या असा होता. तो नंतर बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ड्रिल घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकला की आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं, एवढं मुलांना खेळासारखं शिकवा. मोठ्यांपेक्षा त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

प्रश्न : मुलगा हॉटेल मॅनेजमेंट झालाय. एका एजंटने क्रूझवर नोकरी लावून देतो म्हणून साडेतीन लाख मागितलेत. अर्धे आता, अर्धे व्हिसा आल्यावर. द्यावेत का? (सातपूर)

एक रुपयाही देऊ नका.

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या खेपेला मीही दिले होते. वडिलांनी द्राक्षांच्या हंगामावर पतसंस्थेतून कर्ज उचललं. त्या माणसाचं ऑफिस चकचकीत होतं, भिंतीवर जहाजाचं मोठं पोस्टर होतं. चार महिन्यांनी गेलो तर फक्त पोस्टर उरलं होतं. नंतर नोकरी मिळाली ती सरळ मुलाखत देऊन, आणि त्या मुलाखतीला पैसे पडले ते मुंबईच्या गाडीभाड्याचे.

नियम काय म्हणतो ते बघा. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. नोकरी लावून देण्याची फी कामगाराकडून घ्यायची नाही, असं त्यात लिहिलंय. वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, एवढ्याचा खर्च त्याचा स्वतःचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो. ‘व्हिसा आल्यावर अर्धे’ म्हणणारा माणूस कुठल्या जातीचा आहे ते यावरून ओळखा.

भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे. एजंटने दिलेला नंबर त्या यादीत स्वतः शोधा, त्याच्या मोबाइलवरचा फोटो बघून समाधान मानू नका. नंबर खरा निघाला तरी पत्ता आणि फोन यादीतलाच आहे का ते ताडून बघा, कारण दुसऱ्याच्या परवान्याचा नंबर छापणारेही असतात. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे जहाजावर चढवतो’ असं कोणी म्हणालं तर चहाही न घेता उठा. अमेरिकेच्या बंदरात लागणाऱ्या जहाजावर कामाला जायला सी१/डी हा जहाज कर्मचाऱ्यांचा व्हिसा लागतो, टुरिस्ट नव्हे.

पैसे खर्चायचेच तर एसटीसीडब्ल्यूच्या, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या, मूलभूत सुरक्षा कोर्सवर खर्चा. आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार असं सगळं त्यात येतं. मान्यताप्राप्त संस्थेत, पावती घेऊन. त्याआधी मुलाला वर्षभर इथल्याच एखाद्या चांगल्या हॉटेलात उभं राहू दे. बारा तास उभं राहून सोळाव्या टेबलावर पहिल्यासारखं हसता येतं का, हे नाशिकमध्येच कळलेलं स्वस्त पडतं.

प्रश्न : मुलगा केबिन स्टुअर्ड म्हणून लागलाय. फोटो बघावेत तर स्वर्ग वाटतो. पण फोन पाच मिनिटांत संपवतो, आवाज थकलेला. लपवतोय का काही? (नाशिकरोड)

काकू, बहुतेक झोप लपवतोय.

फोटोतला स्वर्ग वरच्या मजल्यांवर आहे. तो राहतो खाली, बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीच्या आसपास, खिडकी नसलेल्या खोलीत. वर-खाली दोन बंक, एक रूममेट, आणि त्याची ड्युटी वेगळी असली तर रात्री दिवा लावायचीही चोरी. खाली जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बोळ असतो. अमेरिकेतल्या एका महामार्गावरून कामगार त्याला ‘आय-९५’ म्हणतात. माल, ट्रॉल्या, धुण्याचे ढीग, पन्नासएक देशांची माणसं, सगळं तिथून धावतं. वरच्या पाहुण्यांना त्या बोळाचं दारसुद्धा दिसत नाही.

काम असं. सकाळी सगळ्या केबिन, संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले की पुन्हा त्याच केबिन. माझ्याकडे अठरा होत्या. उशीवर ठेवायचा टॉवेलचा हत्ती पाहिलात ना फोटोत? मोठा टॉवेल दोन्ही टोकांकडून मधे गुंडाळत आणायचा, दुमडला की चार पाय होतात. वर छोट्या टॉवेलचं डोकं, त्याची सोंड ओढून काढायची. हात बसला की दीड मिनिट लागतं. अठरा हत्ती म्हणजे अर्धा तास, आणि तो अर्धा तास झोपेतून जातो. सगळ्यांत वाईट दिवस पाहुणे बदलण्याचा. सकाळी जुने उतरतात, दुपारी नवे चढतात, मधल्या काही तासांत चादरीपासून बाथरूमपर्यंत सगळं नवं दिसलं पाहिजे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा नियम आहे, पण ती दोन तुकड्यांत देता येते. त्यातला एक तुकडा सहा तासांचा. त्यातच आंघोळ, जेवण, कपडे आणि तुमचा फोन. पूर्ण कॉन्ट्रॅक्टभर रविवार नावाचा दिवस नसतो.

हे ऐकून घाबरू नका. पहिले दोन-तीन महिने जड जातात, मग अंगवळणी पडतं. क्रू मेसमध्ये वरण-भात बहुधा मिळतो, आपली माणसंही सापडतात. दिवाळीला आम्ही ड्युटी संपवून रात्री एक वाजता फराळ केला होता. चकली नव्हती, कोणीतरी नूडल्स तळून आणल्या होत्या.

तुम्ही त्याच्याकडून जहाजाचं वेळापत्रक मागून घ्या, कोणत्या तारखेला कोणतं बंदर ते. बंदराच्या दिवशी दुपारी थोडी सुट्टी मिळाली तर तो बाहेर पडतो, तिथे इंटरनेट बरं असतं, बोलणं तेव्हाच होईल. समुद्रातल्या दिवशी फोनची वाट बघू नका. आणि जहाज पूर्व-पश्चिम जातं तसं रात्रीतून घड्याळ एकेक तास मागे-पुढे करतात. तुम्ही त्याला जेवणाच्या वेळी फोन लावताय असं समजता, आणि तिकडे तो नुकता डोळे मिटत असतो. त्याला सांगा, घड्याळ बदललं की तेवढा एक मेसेज टाक. आमच्या घरी स्वयंपाकघरात त्यासाठी वेगळं घड्याळ होतं, माझा मेसेज आला की वडील स्टुलावर चढून काटा फिरवायचे.