आफ्रिकेच्या वर्षावनात अंगठ्याएवढी खार असते, हे खरं आहे का?

अगदी अंगठ्याएवढी नाही, पण जवळपास तेवढीच! शेपूट सोडून तिची लांबी साधारण 7 सेंटीमीटर आणि वजन 16 ग्रॅमच्या आसपास. दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवून बघा, पूर्ण वाढ झालेली ही खार तेवढीच भरते. शास्त्रीय नाव मायोसायुरस प्युमिलिओ. जगातल्या सर्वांत लहान खारींमध्ये तिची गणना होते आणि मायोसायुरस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, तिची एकटीचीच जात आहे.

कॅमेरून, गॅबन, काँगो, नायजेरियाचा आग्नेय कोपरा आणि बियोको बेट, एवढाच तिचा मुलूख.

मला सगळ्यात आवडते ती तिची पोट भरायची पद्धत. खार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुढच्या पायांत शेंगदाणा धरून बसलेली खार येते. ही मात्र बुंध्याला चिकटून सरसर फिरते, कधी डोकं खाली करून, तर कधी आडव्या फांदीच्या खालच्या बाजूने, आणि जाता जाता दातांनी साल खरवडत राहते. सालीचे कण आणि बारीक किडे हे तिचं खाणं. दिवसभर हेच चालू. एवढ्याशा देहातली ऊब पटकन निघून जाते, त्यामुळे सारखं खात राहावंच लागतं.

रंग वरून पिवळसर तपकिरी, पोट फिकट. फोटोत ओळखायची असेल तर कान बघा: इवलेसे, गोल, आणि त्यांना पांढरी किनार. फार गोड दिसते ती!