कोर्सची फी निम्म्यात आधीच धरली गेली आहे

प्रश्न : सोलापुरात विजापूर रोडला माझा दातांचा दवाखाना आहे. २०२३-२४ मध्ये पुण्याला जाऊन इम्प्लांटचा चार सत्रांचा कोर्स केला. किटसह ३,९०,००० रुपये गेले, प्रवास आणि मुक्कामाचे ३४,००० वेगळे. कर सल्लागाराने ३१ लाखांच्या जमेवर आयटीआर-४ भरला, त्यात ही फी कुठेच दिसत नाही. सहकारी म्हणतात, शिक्षणाचा खर्च पूर्ण वजा होतो. मग माझा परतावा कसा मिळवायचा? पुढे आठ लाखांची एक वर्षाची फेलोशिप करायची आहे. शिवाय मुलगा एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला) आहे, त्याची फी दवाखान्याच्या खर्चात घालता येईल का?

उत्तर :

डॉक्टर, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, सगळे हेच विचारतात, आणि बहुतेक जण विवरणपत्र भरून वर्ष उलटल्यावर विचारतात.

शिक्षणाचा खर्च व्यवसायाचा असतो का, यावर मी वेळ घालवत नाही. चालू व्यवसायातलं कौशल्य अद्ययावत ठेवायला केलेला खर्च आयकर कायदा, १९६१ च्या कलम ३७(१) मध्ये, म्हणजे व्यवसायाच्या खर्चाच्या वजावटीत बसतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावेच लागतात. तुमचं अडलं आहे ते कलम ४४एडीएच्या पोटकलम (२) वर, आणि ते तुम्हाला कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही.

४४एडीए म्हणजे अंदाजित उत्पन्नाची योजना. जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाख), तर जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, हिशेबाच्या वह्या नाहीत, ऑडिट नाही. ही सवलत घेतली की कलम ३० ते ३८ खालच्या सगळ्या वजावटी 'आधीच पूर्णपणे दिल्या गेल्या आहेत' असं पोटकलम (२) मानतं. भाडं, पगार, लॅबची बिलं, घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट), आणि कलम ३७ मधली तुमची कोर्स फीसुद्धा. आयटीआर-४ मध्ये ती दाखवायला जागाच नाही, कारण ती उरलेल्या निम्म्यात गेली. सल्लागार विसरला नाही. त्याने एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि सही करण्याआधी तुम्ही ते विचारायला हवं होतं.

आता तुम्हीच पाठवलेले आकडे मांडू. भाडं २,१६,०००. पगार २,८८,०००. साहित्य २,९०,०००. लॅब २,४०,०००. वीज, जैववैद्यकीय कचरा, फोन वगैरे ८४,०००. खुर्ची आणि एक्स-रे यंत्रावरचा घसारा ६२,०००. बेरीज ११,८०,०००. यात कोर्स मिळवताना ३,९०,००० सगळे मिळवायचे नाहीत. संस्थेच्या बिलात १,२०,००० फिजिओडिस्पेन्सर (इम्प्लांट बसवण्याचं यंत्र) आणि सर्जिकल किटचे आहेत. ती मालमत्ता झाली. तिच्यावर १५ टक्के घसारा मिळतो, आणि तुम्ही ते जानेवारीत वापरायला घेतल्यामुळे त्या वर्षी १८० दिवस भरत नाहीत, म्हणून निम्मा, म्हणजे ९,००० रुपये. राहिली फी २,७०,०००, प्रवास-मुक्काम ३४,०००. एकूण खर्च १४,९३,०००.

आणि ४४एडीएने तुम्हाला खर्चापोटी दिले १५,५०,०००. म्हणजे खऱ्या खर्चापेक्षा ५७,००० जास्तच मिळाले. त्यात तिसऱ्या सत्राचे ६०,००० तुम्ही एकाच दिवशी रोखीने दिलेत. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर कलम ४०ए(३) खाली तो खर्च नामंजूर होतो. ते काढले तर मान्य होणारा खर्च १४,३३,००० वर येतो आणि फरक १,१७,००० होतो. तुमचा परतावा बुडालेला नाही, कारण तो तयारच झाला नव्हता.

म्हणून दारं कोणती बंद झाली यावर थोडक्यातच लिहितो. २०२३-२४ चं सुधारित विवरणपत्र भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली आणि संपली. अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, कर कमी करायला किंवा परतावा वाढवायला वापरताच येत नाही. विलंब माफीचा अर्ज कलम ११९(२)(ब) खाली होतो आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांत करता येतो. कलम २६४ खाली प्रधान आयुक्तांकडेही एक वर्षाच्या आत जाता येतं. या दोन्ही वाटांवर यश मिळतं की नाही, हे प्रकरणावर अवलंबून असतं. पण वरची बेरीज पाहिल्यावर त्यांवर वकिलाची फी खर्च करणं मला पटत नाही. करविषयक अपिलं कशी रेंगाळतात हे सर्वांना माहीत आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट खंडपीठ सुरू झाल्याने सोलापूरकरांची मुंबईची फेरी वाचली, तरी हातात कच्चा दावा घेऊन कोल्हापूरला जाण्यातही अर्थ नाही.

आता फेलोशिप. इथे तुमच्याकडे अजून वेळ आहे, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

समजा त्या वर्षी जमा ३४ लाख झाली. ४४एडीएचं निम्मं १७ लाख. नेहमीचा खर्च १२,५०,००० आणि फेलोशिपचे ८,००,००० मिळून २०,५०,०००. खरा खर्च निम्म्यापेक्षा ३,५०,००० जास्त. इतका फरक असेल तरच योजना सोडायचा विचार करायचा. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीच्या दरांनी १७ लाखांऐवजी १३,५०,००० उत्पन्न धरलं, तर कर साधारण ५९,८०० रुपयांनी कमी होतो, उपकरासह. त्यातून वर्षभर वह्या लिहिण्याचा खर्च आणि ऑडिटची फी वजा करा. कारण ५० टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर वह्या आणि ऑडिट दोन्ही सक्तीचे होतात. ऑडिट अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, तेही आयटीआर-३ मध्ये. ऑडिट चुकलं तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे दंड जमेच्या अर्धा टक्का, कमाल दीड लाख.

सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा म्हणजे आगाऊ कर. ४४एडीएत तो एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरता येतो. योजना सोडली की चार हप्ते लागू होतात : १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरला ४५, १५ डिसेंबरला ७५, १५ मार्चला १००. डिसेंबरात जाग आली तर आधीच्या हप्त्यांवरचं व्याज चुकत नाही. त्यामुळे निर्णय एप्रिल-मेमध्येच झाला पाहिजे, वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरताना नव्हे. वह्याही १ एप्रिलपासूनच्या लागतात : रोकडवही, खतावणी, बिलांच्या प्रती, औषध-साहित्याचा वर्षाच्या सुरुवातीचा आणि अखेरचा साठा, आणि वैद्यकीय व्यवसायासाठी खास असलेलं फॉर्म ३सी चं रोजचं रुग्णपत्रक. त्यात तारीख, रुग्णाचं नाव, काय उपचार केला, किती फी घेतली आणि ती कधी मिळाली, हे सगळं यावं लागतं. मार्चमध्ये बसून वर्षभराचं ३सी लिहून काढू नका. यूपीआयच्या तारखांशी ते जुळत नाही आणि चौकशीत पहिलं तेच उघडं पडतं.

खर्च मान्य होईलच, अशी हमी मी देणार नाही. आठवडाभराच्या प्रशिक्षणाबद्दल सहसा वाद होत नाही. वर्षभराच्या फेलोशिपमधून नवी पात्रता मिळते, म्हणून अधिकारी तिला भांडवली किंवा व्यक्तिगत खर्च म्हणू शकतो. तुमची बाजू बळकट करते ती आधीची नोंद : फेलोशिपच्या विषयातले रुग्ण तुम्ही आजच पाहत आहात, हे ३सी मध्ये दिसलं पाहिजे. बिल दवाखान्याच्या किंवा तुमच्या नावाने घ्या, पतीच्या कार्डावरून भरून नंतर समजूत काढू नका. प्रशिक्षण फी आणि यंत्रसामग्री अशी दोन वेगळी बिलं मागा. फीवरचा १८ टक्के जीएसटी तुम्हाला परत मिळत नाही, कारण तुमची उपचारसेवा करमुक्त आहे, म्हणून तो खर्चातच धरा. उपस्थितीचं प्रमाणपत्र, सत्रांचं वेळापत्रक आणि गाडीची तिकिटं एकत्र ठेवा. हुतात्मा एक्सप्रेसच्या तिकिटांमध्ये घरच्या मंडळींची दोन तिकिटं निघाली, तर अधिकारी बाकीच्यांकडेही संशयाने पाहतो. आणि रोखीने काही देऊ नका.

किटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ४४एडीएत असताना घसारा मागितला नाही म्हणून तो शिल्लक राहत नाही. दरवर्षी मिळालाच असं मानून किंमत घटत जाते. उद्या वह्या सुरू केल्यात तर किट वहीत १,२०,००० ला नाही, घटलेल्या किमतीलाच येईल.

मुलाच्या एमडीएसची फी दवाखान्याच्या खर्चात घालू नका. १९७८ च्या सकाळ पेपर्स प्रकरणाचा दाखला तुम्हाला कुणीतरी देईल. त्यात पत्रकारिता शिकायला परदेशी पाठवलेली व्यक्ती संचालकाची मुलगी असूनही मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीचा खर्च मान्य केला. पण तिथे धंद्याशी थेट संबंध सिद्ध झाला होता. तुमचा मुलगा दवाखान्यात कामाला नाही, त्याचं शिक्षण हे बापा-आईचं कर्तव्य आहे आणि करखात्याच्या दृष्टीने घरखर्च. त्याऐवजी त्याच्या फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज तुमच्या नावावर असेल, तर व्याजावर कलम ८०ई ची वजावट बघा. ती कलम ३० ते ३८ च्या बाहेर असल्याने ४४एडीए घेऊनही मिळते, सलग आठ वर्षांपर्यंत, आणि तिला रकमेची मर्यादा नाही. आणखी एक अट : जुनी करप्रणाली हवी. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांना त्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो, आणि एकदा बाहेर पडून परत नव्या प्रणालीत आलात, तर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. मुद्दलावर काही मिळत नाही, म्हणून आधी व्याजाचा दाखला बँकेतून घ्या, मग दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडा.

एखाद्या साहित्य कंपनीने परिषदेचं हॉटेल भरलं, तर ते फुकट समजू नका. वर्षात २०,००० च्या वरच्या अशा लाभावर कलम १९४आर खाली १० टक्के कर कापला जातो. तो तुमच्या २६एएस मध्ये (कापलेल्या कराच्या वार्षिक पत्रकात) दिसतो आणि जमेत धरावा लागतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना तर औषध कंपन्यांकडून प्रवास-मुक्काम घेण्यास वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांमधला नियम ६.८ मनाईच करतो.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, अंदाजित उत्पन्नाचा गाभा तोच आहे. तुमचं २०२३-२४ मात्र जुन्याच कायद्यावर चालेल. फेलोशिपची फी भरण्याआधी सीएकडे गेल्या तीन वर्षांचे खर्च घेऊन जा आणि एकच विचारा : कोर्स धरून माझा खर्च जमेच्या निम्म्यापेक्षा किती जास्त होतो? फरक लाखाच्या आत असेल तर ४४एडीएतच राहा.