फॅलेनॉप्सिस ऑर्किड: काळी माती नको, बोअरचे पाणीही नको

सोयाबीन-हरभऱ्याच्या प्रश्नांमध्ये हल्ली घरातल्या एका फुलझाडाचेही प्रश्न येऊ लागले आहेत. वास्तुशांतीला, दुकानाच्या उद्घाटनाला फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी भेट द्यायची पद्धत पडली आहे. पांढऱ्या-जांभळ्या पसरट फुलांचा दांडा दोन-अडीच महिने टिकतो आणि मग घरात प्रश्न सुरू होतात.

प्रश्न (औसा): फुले गळाल्यावर रोप मोठ्या कुंडीत काळी माती व शेणखत घालून लावले. रोज पाणी देतो, तरी पाने लुळी पडून सुरकुतली आहेत. पाणी वाढवावे का?

उत्तर: पाणी आजच बंद करा, दादा. हे झाड मुळात जमिनीत वाढतच नाही. आग्नेय आशियाच्या पावसाळी जंगलात ते झाडांच्या खोडा-फांद्यांना धरून राहते. बांडगुळासारखा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. मुळे उघडी असतात, पावसात भिजतात आणि वाऱ्यावर सुकतात. आपल्या काळ्या रानात, त्यातही शेणखतात, त्यांना हवाच मिळत नाही, ती सडतात. सडलेले मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतही पान तहानेने सुकते. कपाशीत पाणी साचून आकस्मिक मर येते, म्हणजे उभे झाड अचानक सुकते, त्यातलाच हा प्रकार.

रोप उपटून मुळे धुवा. बोटाने दाबल्यावर मऊ, पोकळ लागतात ती कात्री ज्योतीवर धरून निर्जंतुक करून कापा. कडक, पांढरट-हिरवी ठेवा. कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड लावा, मूळभर लावू नका, कोरडे पडते. एक दिवस सावलीत सुकवून झाडाच्या सालीचे तुकडे आणि लाकडी कोळसा यांत लावा. साल मिळाली नाही तर नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतील. ते दोन-तीन पाण्यांत भिजवून क्षार काढून घ्या. भुसा झालेला कोकोपीट नको. कुंडी लहान, भरपूर भोकांची आणि शक्यतो पारदर्शक प्लास्टिकची असावी, म्हणजे मुळे दिसतात. मूळ चंदेरी दिसले की पाणी, हिरवे असेल तोवर थांबायचे. एवढे जमले की वेळापत्रक लागत नाही. पाणी सकाळी द्यावे: कुंडी दहा-पंधरा मिनिटे बादलीत बुडवून पूर्ण निथळू द्यायची. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी राहिले तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो. या झाडाला वाढीचा शेंडा एकच असतो.

पाणी कोणते, हे मराठवाड्यात जास्त महत्त्वाचे. बोअरच्या क्षारांनी मुळांची टोके करपतात, सालीवर पांढरा थर चढतो. पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवा, किंवा गावातल्या आरओ प्लँटच्या जारमधले द्या. घरातल्या आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र कधीच नको, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. खत म्हणून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेले विद्राव्य खत) पुरते, पण फवारणीचे प्रमाण इथे विसरा. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळे ओली असताना.

प्रश्न (अर्धापूर): कळ्या भरपूर आल्या, पण उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळाल्या. कीड दिसत नाही.

उत्तर: कुंडी ठेवलेल्या खोलीत केळीचे घड किंवा आंब्याची आढी होती का, ते आधी पाहा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, हे अर्धापूरच्या केळीबागायतदाराला मी सांगायला नको. फॅलेनॉप्सिसच्या कळ्या त्याला फार नाजूक असतात. दुसरे कारण म्हणजे एसीचा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर येणे. कूलर मात्र त्याच खोलीत, झोत चुकवून, असू द्या. एप्रिल-मेमध्ये पारा 42 वर जातो, तेव्हा हवेतला ओलावा टिकवायला त्याच्यासारखी सोय नाही. पत्र्याच्या खोलीत हे झाड उन्हाळा काढणार नाही. जुने माळवदाचे घर असेल तर तिथे ठेवा.

प्रश्न (परभणी): दोन वर्षे झाली, पाने हिरवीगार आहेत, पण दांडा येत नाही.

उत्तर: ताई, पाने फार गडद हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय. पूर्वेची खिडकी उत्तम; सकाळचे कोवळे ऊन चालते, पश्चिमेच्या काचेतले ऊन पाने भाजते. उजेड पुरेसा असेल तर प्रश्न गारव्याचा आहे. दांडा धरायला साधारण महिना-दीड महिना तापमान 25 अंशांच्या खाली राहावे लागते, आणि ते आपल्याकडे हिवाळ्यात आपोआप मिळते. दिवाळीनंतर कुंडी अशा खोलीत ठेवा जिथे रात्री खिडकी उघडी राहते. मात्र परभणीची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पारा 15 च्या खाली जायला लागला की कुंडी खिडकीपासून आत घ्या.

पानाच्या बगलेतून नवे टोक निघाले की ते मूळ की दांडा, यात गोंधळ होतो. मुळाचे टोक गोल, तुकतुकीत. दांड्याचे चपटे, जरा टोकदार. दांडा वाढू लागला की कुंडी फिरवू नका, कळ्यांची तोंडे वाकडी होतात. फुले संपल्यावर दांडा हिरवा आणि रोप धष्टपुष्ट असेल तर खालून दुसऱ्या पेऱ्याच्या वर कापा, कधीकधी तिथून पुन्हा फुले येतात. रोप अशक्त असेल तर बुडापासून काढा.

प्रश्न (बदनापूर): बियाणे प्लॉटचे शेडनेट रिकामे आहे. यात ऑर्किड करावे का?

उत्तर: फॅलेनॉप्सिस नको. शेडनेट ऊन अडवते, मे महिन्याची गरम हवा नाही. याला पंखे आणि ओल्या पॅडचे बंदिस्त पॉलिहाऊस, न जाणारी वीज आणि पहिले फूल दिसेपर्यंत दोन-तीन वर्षांचा खर्च लागतो. ऑर्किडचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सिक्कीममधल्या पाक्योंगला आहे, त्यावरून हवामानाचा अंदाज घ्या. हौस असेल तर चार कुंड्या घरात आणा आणि एक उन्हाळा काढून दाखवा. शेडनेटमध्ये बियाण्याचाच प्लॉट घ्या.