ऑनलाइन जुगार कंपन्यांचे शेअर पडलेत, आता घ्यावेत का?

तुमचा मुद्दा असा की जुगारात शेवटी अड्डेवालाच जिंकतो, तर खेळण्यापेक्षा अड्ड्याचाच शेअर का घेऊ नये. आणि नझारा या गेमिंग कंपनीचा शेअर सप्टेंबर २०२५ मध्ये ११०० वरून पावणेतीनशेच्या आसपास आला, तर हीच संधी नाही का.

आधी त्या भावाचं बघू, कारण तो एवढा पडलेलाच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने ४ रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे २ रुपयांचे दोन केले आणि वर एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट दिला. एकाचे चार झाले, भाव चौथाई झाला. त्याला स्वस्त म्हणत नाहीत.

खरी पडझड त्याच्या महिनाभर आधीची. २० ऑगस्टला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. 'रमी हा कौशल्याचा खेळ आहे' या एका वाक्यावर हा सगळा धंदा वर्षानुवर्षं उभा होता. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरून नावही गेलं. नझाराचा स्वतःचा महसूल यातून येत नव्हता, पण पोकरबाजी हे पैशांच्या पोकरचं ॲप चालवणाऱ्या मूनशाइन कंपनीमध्ये तिचा ४६ टक्के हिस्सा होता आणि त्यात ८०० कोटींवर रक्कम गुंतली होती. ताळेबंद वाचणाऱ्यालाही तीन दिवसांत काय करता आलं असतं?

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. पार्टीगेमिंग ही ऑनलाइन पोकरची कंपनी २००५ मध्ये लंडनच्या बाजारात आली, काही महिन्यांत एफटीएसई १०० मध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. तिचे बहुतेक खेळाडू अमेरिकेतले. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला ऑनलाइन जुगाराचे पैसे अडवणारी कलमं जोडून ते मंजूर केलं, आणि २ ऑक्टोबर २००६ ला शेअर एका दिवसात निम्म्याहून जास्त आपटला. कंपनीचे एक संस्थापक अनुराग दीक्षित, दिल्ली आयआयटीचे. त्यांनी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. गंमत म्हणजे हा धोका कंपनीने शेअर विकतानाच माहितीपत्रकात छापला होता. लोकांनी तरीही रांग लावली.

म्हणजे अड्डा कंपनीचा असला तरी जागा सरकारची, आणि भाडं सरकार कधीही वाढवतं. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळांवर २८ टक्के जीएसटी लागला तो कंपनीच्या कमिशनवर नाही, खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर. कंपनीच्या हाती शंभरातले दहा-पंधरा येत असतील तर गणित तुम्हीच करा. त्याच सुमारास गोव्यात कॅसिनो चालवणारी डेल्टा कॉर्प आणि तिच्या उपकंपन्यांना मागच्या वर्षांसाठी जवळपास १६,८०० कोटींच्या कराच्या नोटिसा आल्या, वर्षाची विक्री हजार कोटींच्या घरात असताना! शेअर २० टक्क्यांच्या लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात पडायच्या मर्यादेपर्यंत आपटला. डेल्टाचा मुख्य धंदा मांडवीतल्या बोटींवरचे कॅसिनो, त्यांना २०२५ ची बंदी लागू नाही. पण सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी ४० टक्के झाला, आणि त्या बोटी मांडवीतून हलवायची चर्चा पणजीत कधी थांबतच नाही.

परदेशी शेअरचं विचाराल तर एलआरएसखाली, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, फ्लटर किंवा ड्राफ्टकिंग्ज या ऑनलाइन सट्ट्याच्या कंपन्यांचे शेअर घेता येतात. फ्लटरकडे फॅनड्युएल, बेटफेअर असे बरेच ब्रँड आणि बरेच देश आहेत, म्हणून भारतात जंगली रमी बंद करावी लागूनही कंपनी उभी राहिली. पण ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ऑनलाइन कॅसिनोवरचा कर २१ वरून ४० टक्क्यांवर नेला. तिथेही भाडेवाढ आहेच.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो: डेल्टा मी घेणार नाही, त्या नोटिसांचा निकाल शेअरपेक्षा मोठा आहे. नझारा घ्यायचाच तर साध्या गेमिंगची कंपनी म्हणून तपासा, जुगाराची म्हणून नाही. आणि फ्लटरसारखं काही घेणार असाल तर वार्षिक अहवालात आधी एकच तक्ता उघडा, कुठल्या देशातून किती महसूल येतो तो. एकाच देशातून निम्म्याहून जास्त येत असेल तर त्या देशाच्या बातम्या रोज वाचायची तयारी ठेवा.