ऊस सुटायच्या आत बेस करून घ्या

पाऊस उघडला, गणपती गेले आणि माझा फोन तापायला लागला. जानेवारीच्या सायकल रेससाठी आत्ता काय करायचं, बेळगाव-खानापूर-निपाणीकडून फिरून फिरून हाच प्रश्न. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न (खानापूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): सर, जूनपासून सायकल भिंतीला टेकून होती. आता रोज ग्रुपबरोबर बेळगावपर्यंत फुल जोर मारायलोय, महिना झाला तरी स्पीड वाढेना, उलट पाय जड झालेत. काय चुकायलंय?

उत्तर: रोज जोर मारायलास, तेच चुकायलंय की रे. पंचवीसेक किलोमीटर ना धड हळू ना धड रेसच्या वेगात, हा मधला वेग दमवतो भरपूर आणि देतो कमी. पहिले सहा ते आठ आठवडे बेस, म्हणजे पाया घालायचा, तो झोन टू या हळू वेगात, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, उसने दिलेले पैसे भांडून मागता येतील इतकं. या वेगात तास घातले की स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा बनवणाऱ्या बारक्या भट्ट्या) वाढतात, केशवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, शेवटच्या दहा किलोमीटरसाठी शिल्लक राहतं. परवा एकजण आमच्यासोबत होता, प्रत्येक चढाला उभा राहून पॅडल मारायचा आणि वर जाऊन आमची वाट बघत हसायचा, मी घड्याळात १४२ चे ठोके बघत मागून रखडत यायचो, आणि तिसऱ्या तासाला झाडशहापूरजवळ गडी रस्त्याकडेला बसून केळं सोलत होता, हात थरथरत होते. तर मंगळवार-गुरुवार तासभर, शनिवारी दीड, रविवारी तीन तास. तीन आठवडे थोडं थोडं वाढव, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आण. आणि ग्रुप? रविवारी चहाला भेट त्यांना.

प्रश्न (टिळकवाडी): पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर मोजणारा) परवडत नाही, छातीचा हार्ट रेट पट्टा आहे. झोन कसे काढू? २२० वजा वय चालेल का?

उत्तर: नको. एकाच वयाच्या दोघांत पंधरा-वीस ठोक्यांचा फरक सहज निघतो. त्यापेक्षा पंधरा मिनिटं वॉर्मअप करून एकट्यानं ३० मिनिटं जेवढं एकसारखं जोरात जाईल तेवढं जा, पहिली १० मिनिटं झाली की लॅपचं बटण दाब, उरलेल्या २० मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी हा तुझा थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकेल अशा जोराची वरची हद्द. झोन टू त्याच्या ८१ ते ८९ टक्के. म्हणजे १७० आला तर साधारण १३८ ते १५१. सिग्नल आणि म्हशी नसलेला रस्ता हवा, जांबोटीकडचा सकाळी सहाला बरा. आदल्या दिवशी आराम, नाहीतर आकडा खोटा येतो.

प्रश्न (निपाणी, शिक्षिका): दादा, शाळा, दोन मुलं, घर. आठवड्याला पाच तासच मिळतात. यात रेस होईल का?

उत्तर: होईल की वहिनी. पण पाच तासांत सगळंच हळू चालवून भागणार नाही. आठवड्यात दोन दिवस ट्रेनरवर (घरात जागेवर सायकल चालवायचा स्टँड) थ्रेशोल्डच्या जरा खाली १२-१२ मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं सैल, महिन्याभरात तीन तुकडे करा. रविवारी एक लांब, हळू राइड. एखादा दिवस बुडाला तर बुडू दे, दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. आणि नवरात्राचे उपवास धरत असाल तर त्या नऊ दिवसांत ट्रेनरचे तुकडे बंद, फक्त हळू, सोबत केळी, रताळं, राजगिऱ्याचे लाडू. दीड तासाच्या वर गेलात तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, मोठं केळं म्हणजे साधारण त्यातले तीस. कोरडा उपवास करून सायकलवर बसायचं नाही म्हणजे नाही.

प्रश्न (शहापूर): चोर्ला घाट कधीपासून मारू? पोरं आत्ताच जायलेत.

उत्तर: जाऊ देत. मी पण एका वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी गेलो, जड गिअर लावून, कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे फेरे, पन्नासच्या आसपास, परत वर कणकुंबीपर्यंत येताना डावा गुडघा बोलायला लागला आणि सहा आठवडे घरी. तोवर येळ्ळूरच्या गडाचा छोटा चढ बास, पाठीमागं ३२ दातांचं मोठं चक्र लावा, कॅडन्स सत्तरच्या खाली जाऊ देऊ नका. घाट नोव्हेंबरच्या शेवटाला. मात्र तेव्हा कारखाने सुरू झालेले असतात, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही आणि ऊस बाहेर आलेला, सकाळच्या अंधारात हँडलला अडकला की संपलं. म्हणून लांब राइड ऑक्टोबरातच उरकून घ्या, आणि नंतर उजाडल्याशिवाय हायवेला जाऊ नका. पुढं-मागं लाईट लावूनच.